‘चालतंय ना!’

‘‘चालतंय ना! मग कशाला हात लावता?’’

हे वाक्य ज्याने जन्मात एकदाही उच्चारले नाही असा मराठी माणूस मला कोणी दाखवावा. मी त्याला शाल आणि श्रीफळ देईन. शाळेच्या छपराची कैची वाकलेली असते, पावसाळ्यात वर्गात बादली ठेवावी लागते. पण छप्पर उभे असते. चालतंय ना! ओढ्यावरच्या साकवाचा कठडा मागच्या पुरात वाहून गेलेला असतो. पण माणसे पलीकडे जातात. चालतंय ना! घरातल्या विजेच्या बोर्डातून जळका वास येतो. पण पंखा फिरत असतो. चालतंय ना! आणि ज्या दिवशी यांपैकी एखादी गोष्ट चालेनाशी होते, त्या दिवशी आपण नशिबाला बोल लावतो व दुसऱ्या दिवसापासून तेच वाक्य पुन्हा म्हणायला मोकळे होतो.

ह्या वाक्याविरुद्ध मला आज फिर्याद मांडायची आहे. फिर्यादीचे निमित्त मात्र वाचकांना जरा अनपेक्षित वाटेल. ते आहे संगणकाच्या एका जुन्या प्रोग्रामचे. ‘दिवाळी अंकात हे काय आणले?’ म्हणून पान उलटू नका. मी संगणकाचा पंडित नव्हे. मी मुलांना शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. ह्या विषयातले जे मला कळले ते फराळाचे ताट समोर असतानाही कोणालाही कळेल. आणि ज्यात गोरगरिबांचा पगार बुडतो तो विषय घरातल्या सगळ्यांचाच असतो.

माझा एक जुना विद्यार्थी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेबाच्या कचेरीत संगणक सांभाळत असे. डिप्लोमा झालेला, स्वभावाने अबोल, आणि स्वतःही कंत्राटी. बोईसरहून पालघर म्हणजे मध्ये एक उमरोळीच काय ती. तेव्हा पाळी सुटली की डहाणू लोकलने तो कधीमधी माझ्याकडे येई. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीला आठ-दहा दिवस असताना असाच आला, आणि चहाचा कप तसाच ठेवून त्याने खिशातून पगाराची एक चिठ्ठी काढली. ती त्याची नव्हती. दुसऱ्या पाळीला काम करणाऱ्या, विक्रमगडकडच्या एका पाड्यावरून आलेल्या कामगाराची होती. तीत जादा कामाच्या तासांपुढे आकडा होता: वजा एकवीस. म्हणजे ह्या गृहस्थाने जादा काम केले ते केलेच, वर कारखान्याचे एकवीस तास तोच देणे लागत होता!

घडले होते असे. कारखान्याचा हजेरी-पगाराचा प्रोग्राम पंचवीसएक वर्षांपूर्वी कोणीतरी ‘सी’ भाषेत लिहिलेला. लिहिणारा केव्हाच निघून गेलेला. प्रोग्राम ज्या संगणकावर चाले तो शेवटी बंद पडला. नवे संगणक आले. पण चौसष्ट बिटांच्या नव्या विंडोजवर सोळा बिटांचा जुना डॉसचा प्रोग्राम चालतच नाही. तेव्हा ह्या मुलाला सांगण्यात आले की, जुना मजकूर घे आणि नव्या कंपायलरमधून काढून दे.

कंपायलर म्हणजे काय ते आधी सांगतो. माणूस प्रोग्राम लिहितो तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत. यंत्राला ती कळत नाही. तिचे यंत्राच्या आज्ञांत भाषांतर करणारा जो प्रोग्राम, तो कंपायलर. पण तो नुसता भाषांतरकार नव्हे, तो मुद्रितशोधकही आहे. जे मुळीच अर्थहीन आहे तिथे तो थांबतो. त्याला म्हणतात एरर, म्हणजे चूक. आणि जे व्याकरणाला धरून आहे पण ज्यात काहीतरी खटकते, तिथे तो भाषांतर तर करून देतो, पण समासात शेरा मारतो. त्याला म्हणतात वॉर्निंग, म्हणजे इशारा. कादंबरीकाराला ह्या शेऱ्यांची किंमत ठाऊक असते. माझ्या एका कादंबरीत चौथ्या प्रकरणात वारलेली आत्याबाई नवव्या प्रकरणात लाडू वळत बसली होती. पहिल्या आवृत्तीच्या वेळी कोणाच्या लक्षात आले नाही. वाक्ये शुद्ध होती, पुस्तक चालत होते. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी नवा मुद्रितशोधक आला आणि त्याने तांबड्या शाईने विचारले, ‘ह्या बाई जिवंत कशा?’ मला प्रथम रागच आला. पण आत्याबाईला त्याने मारले नव्हते, मीच मारले होते.

तर त्या मुलाने जुना प्रोग्राम नव्या कंपायलरमध्ये घातला. हा कंपायलर कडक. तीनशेच्या वर इशारे आले. साहेबांनी पडद्यावर नजर टाकली आणि विचारले, ‘‘चूक किती?’’ ‘‘चूक एकही नाही.’’ ‘‘मग हे काय?’’ ‘‘इशारे आहेत.’’ ‘‘इशारे बंद करता येतात का?’’ येतात. कंपायलरला आज्ञा देताना एक आडवी रेघ आणि त्यापुढे डब्ल्यू हे अक्षर लिहिले की तो मुकाट होतो. मुलाने ती रेघ मारली. हे त्याने मला स्वतः सांगितले आणि सांगताना मान खाली घातली. शिवाय प्रोग्राम वेगाने पळावा म्हणून त्याने ऑप्टिमायझेशन, म्हणजे कंपायलरची काटकसर, चालू केली. पडदा स्वच्छ झाला. पहिला पगार निघाला, आणि त्या पगारात ते वजा एकवीस.

आता त्या वजा एकवीसची उपपत्ती ऐका. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते. पण पुढचा माणूस आला नाही तर रसायनाची उकळती टाकी सोडून जाता येत नाही. मग थांबावे लागते. हा कामगार रात्री दोनला सुटला. म्हणजे जादा तास तीन. प्रोग्राममध्ये लिहिले होते: सुटण्याची वेळ जर पाळी संपण्याच्या वेळेपेक्षा मोठी असेल, तर जादा तास म्हणजे दोहोंतला फरक. ठीक. पण घड्याळात अकरा म्हणजे तेवीस, आणि मध्यरात्रीनंतरचे दोन म्हणजे नुसते दोन. दोन हे तेवीसपेक्षा मोठे नाहीत. मग काय करायचे? ते लिहिलेलेच नव्हते! ‘जर’ होता, ‘नाहीतर’ नव्हता. जादा तासांची पाटी मुलाच्या हाती दिली, तिच्यावर काही लिहिले नाही, आणि पुढच्या ओळीत त्याला सांगितले, ‘आता पाटी वाच.’

कोरी न केलेली पाटी वाचली तर काय दिसणार? आधीच्या वर्गाने जे लिहून ठेवले असेल ते. जुन्या कंपायलरच्या भाषांतरात त्या जागी बहुतेक वेळा आधीच्या कुठल्यातरी हिशेबाचे शून्य उरलेले असे. म्हणून मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या प्रत्येकाचे जादा तास वर्षानुवर्षे शून्य येत होते. कामगारांची समजूत झाली होती की, ‘बारानंतरचे मशीन धरत नाही.’ कोणी नियम म्हणून सांगितले नव्हते. पण वीस वर्षे जे घडते तो नियमच होतो.

नवा कंपायलर काटकसरी. तो असा विचार करतो की, न लिहिलेली पाटी वाचायला लावणारा प्रोग्राम शहाणा माणूस लिहिणारच नाही. ‘सी’ भाषेच्या १९८९ च्या प्रमाणग्रंथातही अशा वाचण्याला काही अर्थच ठेवलेला नाही. त्या अर्थी पाटीवर लिहिलेले असणारच. त्या अर्थी सुटण्याची वेळ मोठी असणारच. मग ती मोठी आहे का हे तपासण्यात वेळ का दवडा? तपासणी काढून टाक, सरळ वजाबाकी कर. दोन वजा तेवीस, बरोबर वजा एकवीस. तर्कात खोट नाही.

साहेबांचा निकाल तयार होता. ‘‘नव्या कंपायलरने आपला चांगला चाललेला प्रोग्राम बिघडवला. काटकसर बंद कर. पहिल्यासारखे होऊ दे.’’ आणि मुलाने करून पाहिले तर खरोखरच पहिल्यासारखे झाले. काटकसर बंद करताच वजा एकवीसच्या जागी पुन्हा शून्य आले. सगळ्यांचे समाधान झाले. फक्त ह्या मुलाचे झाले नाही. त्याने इशारे पुन्हा चालू केले होते आणि त्या तीनशेंत ती ओळ त्याला सापडली होती. कंपायलरने तिचा क्रमांक घालून स्वच्छ लिहिले होते: अट खोटी ठरली तर ही किंमत न भरताच वापरली जाते.

तो माझ्याकडे सल्ला विचारायला आला होता. आणि वाचकहो, मी काय सांगितले असेल? मी म्हणालो, ‘‘अरे, इतकी वर्षं चालत होतं ना? दिवाळी तोंडावर आलीय. नोकरी सांभाळ.’’

त्याने चिठ्ठीची घडी घातली आणि म्हणाला, ‘‘सर, चालत होतं खरं. पण कुणाचं?’’

ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. हा लेख त्या उशिरा सुचलेल्या उत्तरापायी आहे.

शून्य आणि वजा एकवीस, दोन्ही उत्तरे चूक. खरे उत्तर तीन. १९४८ च्या कारखाना कायद्याने जादा तासाला दुप्पट दर ठरवून दिला होता; म्हणजे त्या तीन तासांचे मोल सहा तासांच्या मजुरीइतके. मग ‘बिघाड’ म्हणून आरडाओरड झाली ती वजा एकवीसवरच का? शून्यावर इतकी वर्षे का झाली नाही? कारण उघड आहे. वजा एकवीस ही हास्यास्पद चूक होती, तिने कचेरीची अब्रू जात होती. शून्य ही सभ्य चूक होती, तिने फक्त कामगाराचे पैसे जात होते. आपण ज्याला ‘चालणे’ म्हणतो ते पुष्कळदा हेच असते. चूक नसते असे नव्हे; चूक अशा माणसाच्या वाट्याला गेलेली असते, ज्याचा आवाज आपल्यापर्यंत येत नाही.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, नव्या कडक कंपायलरने जुना प्रोग्राम मोडला, ही भाषाच खोटी आहे. त्याने मोडलेले दाखवले. गावात नवा डॉक्टर आला आणि त्याने रक्तदाब मोजला, तर रक्तदाब डॉक्टरने आणला असे म्हणत नाहीत.

कोणी विचारील, जुन्या कंपायलरला हे का दिसले नाही? दिसण्याजोगी त्याची नजर नव्हती. १९८७ साली निघालेला टर्बो सी हा आपल्याकडच्या दोन पिढ्यांचा कंपायलर. तोही असा इशारा देई, पण त्याची तपासणी साधी: वापराच्या आधी वर कुठेतरी किंमत भरलेली ओळ आहे ना? आहे, झाले तर मग. ती ओळ एखाद्या ‘जर’च्या पोटात आहे आणि ‘जर’ खोटा ठरला तर तिथे कोणी फिरकणारच नाही, हे तो पाहत नसे. आजचा कंपायलर प्रोग्राममधल्या सगळ्या वाटा चालून बघतो. कोणत्या वाटेने कोणती किंमत कुठे पोचते याचा माग काढतो. काटकसर करण्यासाठी त्याला हा माग काढावाच लागतो, आणि त्याच मागातून इशारेही मिळतात. जो काटकसर करतो तोच चूकही पकडतो, हे घरच्या बायकांना वेगळे सांगायला नको.

आणि ही विद्या काही परकी नव्हे. २००० साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एलएलव्हीएम ह्या आजच्या एका प्रमुख कंपायलरचे काम सुरू झाले, ते ख्रिस लॅटनर ह्या विद्यार्थ्याने आणि विक्रम अडवे ह्या त्याच्या प्राध्यापकाने. अडवे हे पवईच्या आय. आय. टी.चे माजी विद्यार्थी. त्याच पवईत प्राध्यापक उदय खेडकर यांनी वर्षानुवर्षे कंपायलरची अंतर्गत रचना शिकवली, आणि किमतींचा माग काढण्याच्या ह्याच शास्त्रावर सहकाऱ्यांसह २००९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. बोईसरहून लोकलने दीड-दोन तासांवर हे ज्ञान आहे. बोईसरच्या कचेरीत मात्र आडवी रेघ आणि डब्ल्यू!

माझे दुसरे म्हणणे इशाऱ्यांविषयी आहे. तांबड्या शाईचा शेरा पाहिला की पालक मला विचारतात, ‘‘पास झालाय ना?’’ झाला आहे. ‘‘मग ठीक.’’ शेरा काय आहे हे वाचण्याची गरज कोणाला वाटत नाही. कंपायलरच्या बाबतीत सारे जग असेच वागत आले आहे. ‘सी’ भाषेत पूर्वी एक सवलत होती: एखाद्या उपकार्याची ओळख करून न देताच त्याला काम सांगता येई. म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती पैसे देऊन ‘बाजार घेऊन ये’ म्हणण्यासारखे. १९९९ च्या प्रमाणाने ही सवलत काढून घेतली. पण जीसीसी हा जगभर वापरला जाणारा कंपायलर त्यावर नुसता इशाराच देत राहिला, आणि लोक तो नुसता दाबत राहिले. शेवटी मे २०२४ मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीने त्याला सरळ चूक ठरवले. मध्ये पंचवीस वर्षे गेली! एवढ्या मुदतीनंतरही ‘आमचे जुने प्रोग्राम मोडले’ ही तक्रार झालीच.

विरोधी पक्षाची बाजू मी ऐकलेली आहे आणि तीत तथ्य नाही असे म्हणणार नाही. ते म्हणतात, इशारे फार येतात. त्यांतले पुष्कळ खोटे असतात. खऱ्याखोट्यातून माणूस थकतो. खरे आहे. ह्याचा अनुभव आमच्या जिल्ह्याइतका कोणाला असेल? नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे लहानलहान धक्के सुरू झाले. पहिल्यांदा माणसे रात्री अंगणात झोपली. पुढे पुढे भांडी वाजली तरी कूस बदलून झोपू लागली. इशाऱ्यांची सवय होते ती अशी. पण ह्यावर उपाय कोणता? कान बंद करणे, की घराची भिंत एकदा नीट बांधून घेणे? प्रोग्राममधल्या इशाऱ्यांचे त्याहून बरे आहे. भूकंपाचे धक्के आपल्याला थांबवता येत नाहीत; इशारे मात्र एकेक करून कायमचे निकालात काढता येतात. तीनशे इशारे, दिवसाला दहा, एका महिन्याचे काम. तेवढ्यासाठी कामगाराच्या पगाराला वीस वर्षे वाट पाहायला लावणारे आपण कोण?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ते म्हणतात, कंपायलर अतिशहाणे झाले आहेत; लिहिणाऱ्याने घातलेली तपासणीच काढून टाकतात. लिनक्सचेच उदाहरण देतात. त्यातल्या एका भागात एक पत्ता आधी वापरला होता आणि मग ‘हा पत्ता रिकामा तर नाही ना?’ असे तपासले होते. कंपायलर म्हणाला, ज्या अर्थी वापरला त्या अर्थी रिकामा नसणारच. आणि त्याने तपासणी गाळली. २००९ साली त्या फटीतून संगणकाचा ताबा घेता येतो हे उघडकीस आले. लिनक्सच्या मंडळींनी त्यापुढे अशी तपासणी गाळू नये अशी आज्ञाच कंपायलरला द्यायला सुरुवात केली. मला ह्यात वावगे काही दिसत नाही. त्यांनी कारण समजून घेतले, ओळींचा क्रम सुधारला, आणि मगच कंपायलरला लगाम घातला. आमच्या साहेबांनी काय केले? कारण समजून न घेता लगाम घातला आणि चूक होती तिथेच ठेवली. लगाम तोच, पण एक सुज्ञाचा, दुसरा चोरावर पांघरूण घालणाराचा.

आणि आता माझ्याच बाजूच्या अतिउत्साही लोकांनाही दोन शब्द. इशारा दिसला की डोळे मिटून त्याला खूश करणे हेही तितकेच घातक आहे. २००६ साली डेबियन ह्या प्रणालीच्या एका सेवकाने ओपनएसएसएल ह्या गुप्तलेखनाच्या प्रोग्राममध्ये तपासणीच्या अवजाराने दिलेल्या तक्रारी पाहिल्या. तक्रार तीच: किंमत न भरता वापर. त्याने तक्रार येऊ नये म्हणून दोन ओळी काढून टाकल्या. त्यांतल्या एका ओळीतून किल्ल्या घडवण्यासाठी लागणारी सारी यदृच्छा, म्हणजे अंदाज न लागणारे आकडे, आत जात होती. ती बंद झाली आणि प्रत्येक जातीच्या किल्लीचे फक्त ३२,७६८ नमुने शिल्लक राहिले. तेवढे तर साधा संगणकही चाचपून पाहू शकतो. हे कळले मे २००८ मध्ये. जवळजवळ दोन वर्षे जगातली असंख्य कुलपे एकाच जुडग्याने उघडत होती, आणि तपासणीचा पडदा मात्र स्वच्छ होता! इशारा हा हुकूम नव्हे. तो प्रश्न आहे. प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद करणे जसे उत्तर नव्हे, तसे त्याला बरे वाटेल असे काहीतरी बोलणे हेही उत्तर नव्हे.

राहिला तो ‘चालतंय ना’ हा मूळ मुद्दा. कुठलीही जुनी वस्तू ‘चालते’ म्हणजे ती कालच्या परिस्थितीत चालली, एवढेच सिद्ध होते. ४ जून १९९६ रोजी युरोपचे नवे आरियान-५ हे रॉकेट कुरू येथून उडाले. त्यात दिशा सांभाळणारा काही प्रोग्राम जुन्या आरियान-४ मधून जसाच्या तसा आणला होता. जुन्यात तो उत्तम चालला होता. नव्या रॉकेटची गती निराळी. चौसष्ट बिटांतला एक आकडा सोळा बिटांच्या जागेत मावेना. त्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा बसत नाही. पाठोपाठ दोन्ही यंत्रणा गप्प झाल्या आणि सुमारे चाळीस सेकंदांत रॉकेटच्या ठिकऱ्या झाल्या. गंमत अशी की प्रोग्रामच्या ज्या भागात हे घडले, त्याचे उड्डाणानंतर आरियान-५ ला कामच नव्हते. चालतंय म्हणून ठेवला होता!

उलट, जुन्या वस्तूला नव्या मापाने मोजायचे कसे, हे शिकायला आम्हांला फ्रेंच गयानात जायचे कारण नाही. बोईसरहून समुद्राकडे निघाले की तारापूरची अणुभट्टी आहे. तिचे पहिले दोन संच १९६९ पासून वीज देऊ लागले. तीस वर्षे उलटल्यावर तिथल्या मंडळींना ‘चालतंय ना’ म्हणता आले असते. वीज येतच होती. पण तसे झाले नाही. १९६० च्या दशकातल्या मापाने बांधलेले ते संच नव्या सुरक्षामापांनी पुन्हा तपासण्यात आले. २००५ च्या अखेरीस ते बंद ठेवून आणीबाणीचे डिझेल जनित्र-संच नवे बसवले, दोन संचांत सामाईक असलेल्या व्यवस्था वेगळ्या केल्या, आणि २००६ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. त्या वेळी ‘नव्या मापांनी आमची भट्टी बिघडवली’ असे कोणी म्हटले असते तर त्याला आपण वेड्यात काढले असते. मग त्याच रस्त्यावर, काही मैल अलीकडे, पगाराच्या प्रोग्रामला निराळा न्याय का? भट्टीची चूक साऱ्यांना भोवते म्हणून तिला माप. पगाराची चूक एका पाड्यावरच्या माणसाला भोवते म्हणून तिला माफी?

दोष एकट्या साहेबांचा नाही. आम्हां शिक्षकांचाही आहे. कितीतरी महाविद्यालयांत टर्बो सीचा तो निळा पडदा जग पुढे गेल्यावरही वर्षानुवर्षे तसाच राहिला. प्रमाणग्रंथात नसलेल्या गोष्टी मुलांनी पाठ केल्या आणि उत्तर बरोबर आले की पैकीच्या पैकी गुण मिळाले. इशारे वाचून दाखव, असे किती परीक्षकांनी सांगितले असेल? आणि तिथपर्यंत जायलाच नको. मी स्वतः मराठीच्या वहीत ‘ठीक’ असा शेरा मारून किती पाने उलटली आहेत ते माझे मला माहीत. ‘ठीक’ हा शेरा म्हणजे शिक्षकाने मारलेली आडवी रेघ आणि डब्ल्यूच होय.

मागणी माझी मोठी नाही. जुना प्रोग्राम जिथे जिथे माणसाच्या पगाराला, औषधाला, रेशनला किंवा जिवाला हात घालतो, तिथे तो नव्या कडक कंपायलरमधून सगळे इशारे चालू ठेवून एकदा काढावा. प्रत्येक इशारा वाचावा. खोटा ठरला तर तो का खोटा आहे हे लिहून ठेवावे. खरा ठरला तर चूक दुरुस्त करावी. आणि ज्याला इशारे दाबायचेच असतील त्याने ते खुशाल दाबावेत, पण कागदावर स्वतःच्या सहीने, तारीख घालून. सही करायची म्हटली की ‘चालतंय ना’ म्हणणाऱ्यांची संख्या कशी झपाट्याने कमी होते ते पाहा.

त्या मुलाने नेमके हेच केले. माझ्या सल्ल्याविरुद्ध केले, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. त्याने ‘नाहीतर’ची ओळ घातली: सुटण्याची वेळ लहान असेल तर तीत चोवीस मिळवा आणि मग वजाबाकी करा. दोन आणि चोवीस सव्वीस. सव्वीसातून तेवीस गेले, उरले तीन. नवा प्रोग्राम, जुन्या प्रोग्रामची ती ओळ आणि कंपायलरचा इशारा, असे तिन्ही कागद सही करून त्याने हिशेबाच्या कचेरीत दिले. त्या महिन्याची चिठ्ठी दुरुस्त झाली. मागच्या तीन महिन्यांचा फरकही मिळाला. त्याआधीच्या वर्षांचे विचारले तेव्हा जुन्या संगणकाबरोबर नोंदी गेल्या असे उत्तर आले. पुढच्या मार्चमध्ये त्याचे कंत्राट संपले आणि पुन्हा झाले नाही. कारण कोणी सांगितले नाही. त्याचा ‘नाहीतर’ही कोणी लिहून ठेवला नव्हता. आज तो वसईला नोकरी करतो.

गेल्या दिवाळीत तो भेटायला आला. मी त्याला विचारले, ‘‘त्या कारखान्यात तुझा प्रोग्राम अजून आहे का रे?’’

‘‘आहे ना, सर,’’ तो म्हणाला. ‘‘चालतोय.’’

आणि मग जरा थांबून म्हणाला, ‘‘बारानंतरचेही धरतो.’’